न आवडणारे कोच: वाद नेमका कशावर आहे?

हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि वीज रात्रपाळीची आली की शेतात जागल ठरलेली. स्प्रिंकलरचे पाइप एका पट्ट्यात दोन-तीन तास चालवायचे, मग उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. मधल्या वेळात जागं राहायचं. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो. मोबाइल स्टार्टरच्या पेटीला टेकवून ठेवला की दोन पाळ्यांच्या मधे अख्खा सामना बसतो. विदर्भातल्या गावांत युरोपचा फुटबॉल असा पोचला आणि त्याच्या मागोमाग एक वादही पोचला. सकाळी टपरीवर गोलांपेक्षा कोचवर जास्त बोललं जातं. "काहून बे, त्या मोरिन्योले काही लाज आहे का नाही?" पोर्तुगीज कोच जोसे मोरिन्योवरून एक विचारतो. दुसरा म्हणतो, "त्यानं जिंकलेले कप आधी मोज, मंग बोल."

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टीवर बोलत असतात. 'हा कोच मले आवडत नाही' या एका वाक्यात किमान चार तक्रारी असतात. सामना सुरू असताना तो मैदानाच्या काठावर कसा वागतो, ही एक. पत्रकारांसमोर काय बोलतो, ही दुसरी. स्वतःच्या खेळाडूंशी आणि मदतनिसांशी कसा वागतो, ही तिसरी. आणि त्याचा संघ कंटाळवाणा खेळतो, ही चौथी. चौथीचा स्वभावाशी काडीचाही संबंध नाही. गोलासमोर दहा माणसं उभी करून बचाव करणं हा डाव आहे, दुर्गुण नाही. गंमत बघा, 'गोलापुढं बस उभी केली' हा शब्दप्रयोग गाजवला तो मोरिन्योनंच, २००४ मध्ये, इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबनं त्याच्या चेल्सी क्लबला ०-० असं रोखलं तेव्हा. पुढं तोच शब्द आयुष्यभर त्याच्याच गळ्यात पडला. तेव्हा चौथी तक्रार बाजूला ठेवू आणि बाकीच्या तीन नीट पाहू.

काठावरची वागणूक: इथं नियम आहे, मताला जागा कमी

कोचनं उभं कुठं राहायचं हे ठरलेलं असतं. बाकाच्या दोन्ही बाजूंना १ मीटर आणि पुढं मैदानाच्या रेषेपासून १ मीटर अलीकडपर्यंत, एवढीच त्याची जागा. त्या चौकटीत उभं राहून एका वेळी एकाच माणसानं सूचना द्यायच्या. २०१९ पासून खेळाच्या नियमांत कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड आलं. त्याआधी पंच त्याला तोंडी समज देत किंवा बाहेर काढत, पण घरी पाहणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळायचं नाही.

कशाला किती शिक्षा, हेही लिहिलेलं आहे. चुकून एखाद्या वेळी चौकट ओलांडली किंवा किरकोळ नाराजी दाखवली, तर नुसती समज. वारंवार चौकटीबाहेर गेलं, पाण्याची बाटली फेकली, पंचाला हिणवत टाळ्या वाजवल्या, हातानं कार्डाची खूण करत राहिलं, तर पिवळं. समोरच्या संघाला खेळ सुरू करू दिला नाही, चेंडू धरून ठेवला, खेळाडूच्या वाटेत आडवं आलं, तर थेट लाल. आणखी एक कलम फार लोकांना ठाऊक नसतं. बाकावरून कोणी शिवी दिली आणि ती कोणी दिली हे पंचाला कळलं नाही, तर कार्ड तिथं हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ कोचला मिळतं. म्हणून कधी कधी शांत उभ्या असलेल्या कोचला कार्ड मिळालेलं दिसतं आणि आपण पंचाला नावं ठेवतो.

याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे भारताचा तेव्हाचा कोच इगोर श्टिमाच. २१ जून २०२३, बंगळुरू, दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत भारत विरुद्ध पाकिस्तान. मध्यंतर जवळ आलं होतं. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला चेंडू उचलतो आणि आपला कोच मागून हात घालून तो चेंडू उडवतो. धक्काबुक्की झाली, श्टिमाचला लाल कार्ड मिळालं. भारत ४-० जिंकला, सुनील छेत्रीनं तीन गोल केले, त्यामुळं बऱ्याच जणांना ती हरकत शौर्यासारखी वाटली. समोर पाकिस्तान होता, म्हणून जास्तच. पण नियमाच्या पुस्तकात ही हरकत जवळपास शब्दशः लिहिलेली आहे आणि तिला लालच कार्ड आहे. सहा दिवसांनी कुवेतविरुद्ध त्याला पुन्हा लाल कार्ड मिळालं. उपांत्य आणि अंतिम सामन्यात बाकावर सहायक कोच महेश गवळी होते. भारतानं कप जिंकला, पण अंतिम सामना पेनल्टीपर्यंत गेला आणि मुख्य कोच त्या वेळी संघाजवळ नव्हता. अनेक स्पर्धांत बंदी असलेल्या कोचला ड्रेसिंग रूममध्येही जाता येत नाही. मध्यंतराची १५ मिनिटं ही डाव बदलायची सगळ्यात मोलाची वेळ, नेमकी तीच हातची जाते. काठावरच्या वागणुकीचा हिशोब असा रोकडा असतो: किती सामने गेले, किती दंड झाला. इथं 'त्याचा स्वभावच तसा आहे' या वाक्याचा काही उपयोग नाही.

तोंड: डाव आहे की तोल गेला?

व्यावसायिक कोचला सामन्याच्या आदल्या दिवशी आणि सामना संपल्यावर पत्रकारांसमोर बसावंच लागतं. हरल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हे काम सोपं नाही. पण काही कोच याच खुर्चीचा हत्यारासारखा वापर करतात.

२००४ मध्ये पोर्तुगालच्या पोर्टो क्लबसोबत चॅम्पियन्स लीग जिंकून मोरिन्यो चेल्सीत आला आणि पहिल्याच दिवशी आपण 'खास' असल्याचं सांगून मोकळा झाला. लोकांना तो माजोरडा वाटला. पण पुढचं वर्षभर वर्तमानपत्रं त्याच्यावर लिहीत राहिली आणि खेळाडूंवरचा दाब कमी झाला. त्या हंगामात चेल्सीनं ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि ९५ गुणांनी लीग जिंकली. पंच आपल्या विरोधात, वर्तमानपत्रं आपल्या विरोधात, सगळं जग आपल्या विरोधात, असं म्हणत राहायचं म्हणजे संघ आपोआप एक होतो. गावच्या कबड्डी संघाला बाहेरगावी नेणाऱ्यालाही ही युक्ती ठाऊक असते.

आता दुसरी बाजू. १८ मार्च २०२३, साउदॅम्प्टन. अंतोनिओ कोंतेचा टॉटनहॅम ३-१ नं पुढं होता, शेवटच्या टप्प्यात दोन गोल खाल्ले आणि सामना ३-३ सुटला. कोंते पत्रकारांसमोर आला आणि त्यानं स्वतःच्याच खेळाडूंना स्वार्थी म्हटलं. क्लबच्या कारभारावरही तोंड सोडलं. आठ दिवसांत तो क्लबबाहेर होता. कोंते कमी दर्जाचा कोच मुळीच नाही. त्यानं चेल्सीला २०१७ मध्ये लीग जिंकून दिली आणि पुढं नापोलीला २०२५ मध्ये. मग गाडी कुठं अडली?

फरक राग कुणावर काढला यात आहे. बाहेरच्यावर काढलेला राग संघाला बांधतो. घरातल्यांवर चारचौघांत काढलेला राग संघ फोडतो. म्हणून कोचचं बोलणं ऐकताना आधी एवढंच बघायचं की दोष कुणाच्या पदरात पडला. मग बघायचं की तो बोलला कधी. सामन्याआधी, थंड डोक्यानं, जिंकत असतानाही तेच बोलत असेल तर तो डाव. फक्त हरल्यावरच बोलत असेल तर तोल गेला असं समजायला हरकत नाही. यातला बराच मजकूर इटालियन, पोर्तुगीज किंवा स्पॅनिशमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्यापर्यंत येतो, हेही लक्षात ठेवावं. एकाच शब्दाला भाषांतरात धार येते किंवा जाते. एका ओळीच्या मथळ्यावरून कोणाचा स्वभाव ठरवू नये.

घरातली वागणूक: इथं खरी बेरीज-वजाबाकी

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघाच्या यादीत २१ वर्षांवरचे जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात. सामन्याला २० जणांना घेता येतं, खेळायला ११ उतरतात, बदली ५ होतात. म्हणजे यादी पूर्ण भरली असेल तर दर आठवड्याला किमान ९ जण मैदानावर पाय न टाकता घरी जातात, त्यातले ५ तर बाकावरही नसतात. कोच कितीही गोड असला तरी एवढी नाराजी ठरलेली. जिंकत असताना नाराज खेळाडू गप्प बसतो, कारण बोलून उपयोग नसतो. हरायला लागले की तोच बोलू लागतो, त्याचा एजंट बोलू लागतो, आणि 'कोचनं ड्रेसिंग रूम गमावली' असं आपण वाचतो. कडक कोचचे बळी आधीपासून मोजलेले असतात, ते फक्त एकदम बाहेर पडतात. मोरिन्योचा चेल्सीतला दुसरा मुक्काम आणि मँचेस्टर युनायटेडचा मुक्काम, दोन्ही तिसऱ्या हंगामाच्या डिसेंबरात संपले, २०१५ आणि २०१८ मध्ये. चेल्सीत तर आदल्या हंगामाचा विजेता संघ तेव्हा १६ व्या जागेवर होता.

कडकपणा चालत नाही असंही नाही. जर्मनीचा फेलिक्स मागाट खेळाडूंना जड मेडिसिन बॉल घेऊन पळवायचा, चढावर पळवायचा. तिकडं त्याला 'क्वेलिक्स' म्हणत. छळण्याला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याची आणि त्याच्या नावाची ती जोड. या माणसानं बायर्नला लागोपाठ दोन वर्षं लीग आणि कप दोन्ही दिले आणि २००९ मध्ये वोल्फ्सबुर्गला पहिल्यांदाच जर्मनीचा विजेता केलं. तोच मागाट फेब्रुवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या फुलहॅमला गेला. संघ खालच्या लीगमध्ये गेला आणि सप्टेंबरात त्याचीही गच्छंती झाली. अंगमेहनतीची ही पद्धत हंगामाआधीच्या काही आठवड्यांत रुजवावी लागते. पेरणीची वेळ टळल्यावर बियाणं कितीही चांगलं असलं तरी काय करणार? फेब्रुवारीत खेळाडूचे पाय आधीच थकलेले असतात. त्यात न ओळखीचा कोच, आणि डोक्यावर खाली घसरण्याची भीती.

ब्रायन क्लॉफचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९७४ मध्ये तो लीड्सचा कोच झाला. लीड्स त्या वर्षीचा विजेता, आणि क्लॉफनं त्या संघावर आणि त्याच्या आधीच्या कोचवर वर्षानुवर्षं उघड टीका केलेली. लीगच्या सहा सामन्यांत एक विजय, आणि ४४ दिवसांत हकालपट्टी. पुढं तोच फटकळ माणूस नॉटिंगहॅम फॉरेस्टला वरच्या लीगमध्ये आणतो, १९७८ मध्ये लीग जिंकतो आणि १९७९, १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकतो. तोंड तेच होतं. बदललं काय? फॉरेस्टमध्ये त्यानं संघ स्वतः बांधला आणि त्याचा जुना जोडीदार पीटर टेलर सोबत आला, जो लीड्सला गेला नव्हता. फटकळ माणसाजवळ त्याचं ऐकणारा आणि त्याला ऐकवणारा एक जण लागतो. कोणत्याही तापट कोचविषयी बोलताना त्याचा सहायक कोण आहे हे बघा, अर्धं उत्तर तिथं मिळतं.

राग वर गेला की खाली?

या सगळ्यात आमच्या मते सगळ्यात वजनाची कसोटी हीच आहे. कोच ज्याच्यावर चिडला, तो माणूस त्याला उलट उत्तर देऊ शकतो का?

पंचाच्या खिशात कार्ड असतं. समोरच्या कोचजवळ तितकीच मोठी खुर्ची असते. स्टार खेळाडूजवळ करार आणि एजंट असतो. फेब्रुवारी २००३ मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर मँचेस्टर युनायटेडचा कोच ॲलेक्स फर्ग्युसननं ड्रेसिंग रूममध्ये पडलेल्या बुटाला लाथ मारली, तो त्याच्याच संघातल्या डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर लागला आणि टाके पडले. वाईटच झालं. पण त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रिअल माद्रिदला गेला, त्याचं काही अडलं नाही.

आता याच्यासमोर ८ ऑगस्ट २०१५ चा चेल्सी-स्वान्सी सामना ठेवा. २-२ बरोबरी, चेल्सीचा गोलकीपर आधीच लाल कार्डानं बाहेर, जादा वेळ सुरू, आणि एदन हॅझार्ड खाली पडला. पंचानं वैद्यकीय मदतीला खूण केली. डॉक्टर एवा कार्नेरो आणि फिजिओ धावत आत गेले. नियम असा की मैदानावर उपचार घेतलेल्या खेळाडूला थोडा वेळ बाहेर जावं लागतं. चेल्सीचे तेवढ्यापुरते नऊच खेळाडू उरले. मोरिन्यो भडकला, आणि सामन्यानंतर जाहीरपणे म्हणाला की यांना खेळ कळत नाही. डॉक्टरांना पुढच्या सामन्यांच्या बाकावरून दूर केलं गेलं. सप्टेंबरात त्यांनी क्लब सोडला. २०१६ मध्ये तडजोड झाली तेव्हा क्लबनं जाहीर माफी मागितली आणि मान्य केलं की मैदानात धावून जाताना त्या खेळाचा नियमही पाळत होत्या आणि डॉक्टरचं कर्तव्यही.

मोरिन्योनं २०११ मध्ये बार्सेलोनाच्या सहायक कोचच्या डोळ्यात बोट घातलं, २०२५ मध्ये गलातासरायच्या कोचचं नाक चिमटीत धरलं. या गोष्टी घाणेरड्या दिसतात, चित्रफिती फिरतात. पण त्याच्या नावावरचा सगळ्यात वाईट प्रसंग आमच्या लेखी त्या डॉक्टरांचाच. तिथं त्यानं आपलं काम बरोबर करणाऱ्या, आपल्याहून खालच्या हुद्द्याच्या माणसावर राग काढला, आणि किंमत त्यांनी मोजली.

उलट टोकाला लीड्सचा तेव्हाचा कोच मार्सेलो बिएल्सा. जानेवारी २०१९ मध्ये लीड्सचा एक माणूस डर्बी काउंटीच्या सरावमैदानाबाहेर टेहळणी करताना सापडला. इंग्लंडभर गदारोळ झाला. बिएल्सानं हात झटकले नाहीत. मीच पाठवलं, आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा सराव आम्ही पाहिलाय, असं पत्रकारांना बोलावून सांगितलं. २ लाख पाउंडांचा दंड क्लबला झाला, तो त्यानं स्वतः भरला. ज्या माणसाला टेहळणीला धाडलं त्याच्या अंगावर काही येऊ दिलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲस्टन व्हिलाचा खेळाडू जखमी पडलेला असताना लीड्सनं गोल केला, तेव्हा बिएल्सानं आपल्या संघाला बाजूला उभं राहून व्हिलाला गोल करू द्यायला लावला. त्याबद्दल फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. एकाच माणसावर चार महिन्यांत 'लबाड' आणि 'सज्जन' असे दोन शिक्के बसले. दोन्ही वेळा त्यानं जबाबदारी मात्र स्वतःवर घेतली.

भारतात याच कसोटीवर दोन प्रकरणं लावून पाहा. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूच्या छेत्रीनं केरळच्या खेळाडूंची भिंत उभी राहण्याआधीच फ्री-किक मारून गोल केला. केरळ ब्लास्टर्सचा कोच इवान वुकोमानोविच संघ घेऊन मैदान सोडून गेला. क्लबला ४ कोटींचा दंड, त्याला १० सामन्यांची बंदी. फ्री-किक पटकन घ्यायची मुभा नियमात आहे, पंचानं भिंतीसाठी खेळ थांबवला असेल तर मात्र शिट्टीची वाट पाहावी लागते. म्हणजे निर्णयावर वाद घालायला जागा आहे, मैदान सोडायला नाही. तरी त्याचा राग पंचावर होता आणि त्याच्या खेळाडूंना तो आपल्या बाजूचा वाटला, म्हणून केरळच्या चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओडिशाचा कोच स्टुअर्ट बॅक्स्टर पेनल्टी न मिळाल्याची तक्रार करताना बलात्काराची उपमा देऊन बसला. त्याचाही राग पंचावरच होता, पण बोलणं भलत्याच लोकांना जाऊन लागलं, ज्यांचा त्या सामन्याशी संबंध नव्हता. क्लबनं त्याला लगेच काढलं, आणि त्यावर फारसा वाद झालाही नाही.

आपली नजर कुठं चुकते

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी पहिली आली की धुरकरी जिगरबाज ठरतो. तीच जोडी बिचकून तासाबाहेर गेली की लोक म्हणतात, "त्यानं बैलाले उगाच मारलं." हात तोच, बैल हाकायची तुतारी तीच. कोचचंही तसंच होतं. रेमों दोमेनेक २००६ मध्ये फ्रान्सला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला तेव्हा तो विक्षिप्त पण हुशार होता. २०१० मध्ये निकोला अनेल्कानं मध्यंतरात त्याला शिव्या दिल्या, अनेल्काला घरी पाठवलं, बाकीचे खेळाडू सरावाला नकार देऊन बसमध्ये जाऊन बसले आणि त्यांचं निवेदन पत्रकारांना वाचून दाखवायची वेळ खुद्द दोमेनेकवर आली. फ्रान्स एका गुणावर परतला. मग तो हेकट, लहरी, नालायक ठरला. चार वर्षांत माणूस इतका बदलत नाही, निकाल बदलतो. म्हणून कोचवर बोलताना जिंकलेल्या काळातलं एक आणि हरलेल्या काळातलं एक, अशी दोन उदाहरणं समोर ठेवावीत. दोन्हींत तो सारखाच वागत असेल तर तो त्याचा स्वभाव.

सामना पाहताना चेंडू गोलात गेल्यावर कॅमेरा काही क्षणांत कोचवर जातो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यापेक्षा तो कुणाकडं वळतो ते पाहा. सहायकाशी बोलतो, की चुकलेल्या खेळाडूकडं बोट दाखवतो? बदली होऊन बाहेर आलेल्याशी हात मिळवतो का? गोल खाल्लेल्या पोरसवदा खेळाडूला सामना संपल्यावर जवळ घेतो का? मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही हे दिसतं.

आणि हीच नजर तालुक्याच्या शालेय स्पर्धेत न्यायला हवी, कारण तिथं टीव्हीवरच्या कोचची नक्कल सुरू झाली आहे. तेरा वर्षांच्या पोराजवळ ना करार असतो, ना एजंट, ना दुसरा क्लब. काठावरून सारखा ओरडा बसला की आधी ते पोट्टं चेंडू मागायचं थांबतं. मग चेंडू आलाच तर मान वर न करता मागं देऊन मोकळं होतं. नंतर ते मोकळ्या जागेत धावायचं सोडून बचावपटूच्या आड उभं राहू लागतं, म्हणजे पास येणारच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पोरगं आळशी आहे. कोच आणखी ओरडतो.